समुद्र आटल्यावर काय टाकावे

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या कॉलेजला मात्र होता. तो दर सोमवारी सकाळी निळ्या ड्रममध्ये तयार व्हायचा आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत राहायचा. त्याची राखण माझ्याकडे होती.

अर्जुनी मोरगावच्या या कॉलेजात मी एकोणीस वर्षे काम केले. कागदावर मी सफाई कामगार. पण प्रयोगशाळेतले काम कागदावरच्या शब्दात कधी मावत नाही. बरण्यांतल्या सापांवरची धूळ पुसायची, सांगाड्याची सुटलेली बोटे तारेने बांधायची, एखाद्या मुलीला बरणी पाहून भोवळ आली तर तिला आधी बसवायचे आणि मग पाणी द्यायचे. उलट क्रमाने केले तर पेला फुटतो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. प्राचार्यांशी माझे बोलणे एकोणीस वर्षांत 'हो जी' आणि 'नाही जी' यापलीकडे गेले नाही. म्हणून हे वहीत लिहिते आहे. वही उलटून काही विचारत नाही.

मासे आणले परब सरांनी. सर कोकणातले, अगदी समुद्राच्या काठचे. नोकरीसाठी आमच्याकडे आले आणि पहिली दोन वर्षे आमचे तलाव बघून 'छान आहे, छान आहे' म्हणत राहिले. ते खोटे बोलत आहेत हे सगळ्यांना कळत होते. तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत गावी गेले आणि येताना रेल्वेत मांडीवर झाकणाचा कॅन घेऊन आले. त्यात पाच मासे होते. आमच्या स्टेशनवर उतरेपर्यंत तीन राहिले. सोबत एक ओबडधोबड दगड होता, त्याला शिंपले चिकटलेले.

"ब्लेनी," सर म्हणाले.

मासा बोटाएवढा. आम्ही ढिवर, तलावातले मासे धरणारे, त्यामुळे मासा पाहिला की आमचे डोळे आपोआप तो किती जणांना पुरेल ते बघतात. हा कोणालाच पुरणार नव्हता. वर अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीत. रंग मातकट, त्यावर ठिपके. तोंड मोठे आणि नाराज. दोन्ही डोळ्यांच्या वर झालरीसारखे दोन बारीक तुरे. डोळेही असे की एक माझ्याकडे आणि एक दाराकडे.

तलावातला मासा पाण्यात अधांतरी राहतो, कारण त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. याच्या पोटात ती नाही, असे सरांनी सांगितले. त्यामुळे पोहणे थांबवले की हा खाली बसतो. पोटाखालच्या दोन परांवर टेकून, मान वर करून, जसा माणूस खिडकीत कोपरे टेकून रस्ता बघतो. समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो म्हणे, आणि खडकांच्या खळग्यांत थोडे थोडे पाणी उरते. हा मासा तिथला. भरतीच्या लाटेने फेकला जाऊ नये म्हणून फटीत शेपटीकडून शिरतो आणि तोंड बाहेर ठेवतो. फणीसारखे बारीक दात असतात, त्यांनी दगडावरचे हिरवे शेवाळ खरवडून खातो. तेवढी माझी घासण्याची मेहनत वाचायची.

तिघांत एक नर होता. त्याने पहिल्याच दिवशी दगडावरचा रिकामा शिंपला बळकावला आणि त्याच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जाऊ लागला. बाकीच्या दोघींवर, माझ्या फडक्यावर, सरांच्या पेनवर.

भय्यालाल शिपाई गोंदियाचा. त्याने बघितले आणि म्हणाला, "ये तो दरोगा है." नाव तेच पडले.

टाकी बघायला लोक येऊ लागले. विद्यार्थी येत, त्यांचे आईबाप येत, बाजाराच्या दिवशी केशोरीकडच्या बाया बस यायला वेळ असला की डोकावून जात. सर प्रत्येकाला खडक, भरती, ओहोटी सगळे समजावून सांगत. लोक मन लावून ऐकत आणि शेवटी एकच विचारत.

"खायले कसा लागते जी?"

सरांचा चेहरा दरोगासारखा व्हायचा.

एकदा दोघींपैकी एक मादी टाकीतून नाहीशी झाली. झाकण अर्धे उघडे राहिले होते, माझ्याच हातून. मी कपाटाखाली, टेबलाखाली सगळीकडे शोधले. सरांचा तास संपायला दहा मिनिटे होती. शेवटी टाकीला गारव्यासाठी गुंडाळलेले ओले गोणपाट उचलले, तर त्याच्या घडीत बाई निवांत बसलेल्या. पाणी ओसरल्यावर ओल्या फटीत तग धरून राहायची त्यांना सवयच असते. पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. मी तिला टाकीत टाकले, झाकण लावले आणि सर आले तेव्हा खिडकी पुसत होते.

"सगळं ठीक?" सरांनी विचारले.

"हो जी."

आता पाण्याचे सांगते, कारण खरी गोष्ट पाण्याचीच आहे.

समुद्राचे मीठ नागपूरहून यायचे. ते घरातल्या मिठासारखे नसते, त्यात आणखी बरेच काही असते. भय्यालाल ड्रममध्ये पाणी भरून त्यात मापाने ते मीठ घालायचा आणि काठीने ढवळायचा. खारेपणा बघायला एक काचेची नळी होती. ती पाण्यात सोडली की उभी तरंगते. पाणी जितके खारे तितकी ती जास्त वर येते. मार्च लागला आणि ती नळी भय्यालालच्या हातून फुटली. नवी मागवली, पण ती यायला महिना लागला.

नेमके त्याच वेळी ऊन तापले. आमच्याकडचे ऊन सरांना नवीन नव्हते, पण टाकीला नवीन होते. आम्ही प्रयोगशाळेत कूलर लावला. कूलरच्या वाऱ्याने टाकी गार राहिली, पण पाणी रोज दोन लोटे आटू लागले. सरांनी एक कागद लिहून भिंतीवर चिकटवला.

'पाणी कमी झाल्यास रोज सकाळी ड्रममधील खारे पाणी रेषेपर्यंत भरावे.'

मी तसे करू लागले. रजिस्टर होते, त्यात तारीख, वेळ, खारे पाणी किती, खाणे किती आणि सही. चौथीपर्यंतची शाळा एवढ्या कामाला पुरते.

आठ दिवसांत टाकीच्या काठावर पांढरा थर धरला. दरोगा फडक्यावर धावून येईनासा झाला. दोघी मासोळ्या दगडाच्या अगदी वरच्या टोकाशी येऊन बसल्या आणि भराभर श्वास घेऊ लागल्या. मी बोट बुडवून पाणी चाखले. पहिल्या दिवशीही मी चाखले होते, कोणी बघत नसताना. समुद्र काय असतो ते एकदा बघावे म्हणून. पहिल्या दिवशी ते खारट होते. आता जीभ आखडली.

म्हणजे आटत होते ते नुसते पाणी. मीठ टाकीतच राहत होते आणि मी रोज त्यात आणखी मीठ ओतत होते.

परब सर हुशार माणूस. त्यांच्याकडून हे कसे निसटले याचा मी पुष्कळ विचार केला. समुद्राकाठच्या माणसाने समुद्र आटलेला कधी बघितलेला नसतो, एवढेच मला सुचले.

सरांना सांगायला हवे होते. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. पहिल्या वेळी त्यांनी विचारले, "काय हो यशोदाबाई?" मी म्हटले, "टेबल पुसतो जी." दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली नाही, तरी मी टेबल पुसले. पुसलेलेच.

मग मी सोपा रस्ता घेतला. दुसऱ्या दिवसापासून, पहिले आठ दिवस टाकीतलेही दोन लोटे काढून घेऊन, माठातले साधे पाणी टाकू लागले. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून माठातले, रात्रभर थांबलेले. आणि रजिस्टरमध्ये लिहू लागले: खारे पाणी, दोन लोटे. खाली सही. ड्रममधले खारे पाणी कमी झाले नाही तर शंका येईल, म्हणून रोज दोन लोटे मोरीत ओतून देत असे. नागपूरहून आलेला समुद्र असा रोज थोडा थोडा आमच्या मोरीतून गेला.

पंधरा दिवसांत दरोगा पुन्हा फडक्यावर धावून आला. नवी नळी आली तेव्हा सरांनी ती टाकीत सोडली. बरोबर खुणेवर उभी राहिली.

"बघा," सर मुलांना म्हणाले, "पद्धतशीर काम केलं की असं होतं." त्यांनी तो भिंतीवरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा लावला. मुलांनी तो प्रॅक्टिकलच्या वहीत उतरवून घेतला. मी मागे उभी राहून बरण्या पुसत होते. त्या दिवशी मला हसू आले होते, हे कबूल करते. त्यात दिमाखही थोडा होता.

एप्रिलच्या शेवटी दरोगा काळा पडला. मला वाटले आजारी झाला. सर म्हणाले, नाही, लग्नाची तयारी आहे. तो शिंपल्याच्या तोंडाशी बसून मान वरखाली करू लागला. एक मासोळी आत जाऊन आली, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोघी आपापली अंडी शिंपल्याच्या आतल्या अंगाला चिकटवून निघून गेल्या आणि शेवाळ खरवडू लागल्या, जसे काही झालेच नाही. सगळे दरोगावर. तो अंड्यांपाशी राहून रात्रंदिवस पर हलवून वारा घालायचा, खराब झालेले अंडे तोंडाने वेचून काढायचा. खायलाही नीट बाहेर येत नसे.

हे कळल्यावर बायकांची रीघ लागली. कॅन्टीन चालवणारी बाई आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली.

"पाहून घ्या जी नीट," ती त्याला म्हणाली.

तो बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "त्याले दुसरं काम काय आहे?"

"तुमाले कोनतं आहे?"

तो कॅन्टीनकडे परत गेला. ती आणखी थोडा वेळ थांबली.

आणि नेमके याच वेळी सर बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले. जाताना मेश्राम मॅडमना सांगून गेले. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या, आमच्याच तालुक्यातल्या, कामाला एकदम कडक. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, रजिस्टर वाचले आणि म्हणाल्या, "अंडी आहेत, जबाबदारीचं काम आहे. पाणी मी सोता टाकत जाईन."

आठ दिवस रोज दोन लोटे खारे पाणी, ते अंड्यांवर. मोठे मासे कसेबसे धकवतील, पण अंडी कुठे जाणार? अंड्यांना दगडाचे वरचे टोक गाठता येत नाही.

तेव्हाही मी बोलले असते तर प्रश्न मिटला असता. मी काय केले, तर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ड्रम रिकामा केला आणि त्यात माठाचे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मॅडमनी त्या ड्रममधून दोन लोटे मोजून टाकले. मी बाजूला फडके घेऊन उभी. तीन दिवस असे चालले. मला वाटले, निभले.

चौथ्या दिवशी मॅडमनी लोटा उचलला, थांबल्या, आणि काचेची नळी आधी ड्रममध्ये सोडली. नळी सरळ तळाला गेली.

त्यांनी नळी काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तळाला. मग बोट बुडवून जिभेला लावले.

"भय्यालाल."

भय्यालाल आला.

"या ड्रममध्ये मीठ कोण टाकते?"

"मैं टाकतो न मॅडम. सोमवारी. मापून."

"हे चाख."

त्याने चाखले. त्याचा चेहरा बघून मला वाटले, जमीन दुभंगली तर बरे.

"कसम से मॅडम, मी टाकला होता."

"मग गेला कुठं? उडून गेला? तीन दिवस मी साधं पानी टाकून राहिली या माशायले. सर आले तर मी त्यायले काय तोंड दाखवू? तुले एवढं एक काम होत नाही." मॅडमनी खुर्ची ओढली आणि कागद पुढ्यात घेतला. "मी लिहून देतो प्राचार्यांकडे. जूनमध्ये तुझा करार आहे ना? पाहू मग."

सदा बडबडणारा भय्यालाल नुसता ड्रमकडे बघत होता, मीठ टाकल्याचे त्याला स्वतःलाच खरे वाटेनासे झाले असावे.

मॅडम लिहायच्या आधी म्हणाल्या, "आणि पहिले बादलीभर खारं पानी बनव. तीन दिवसांची कसर भरून काढतो."

बादलीभर.

"नका टाकू जी," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितले. मॅडमनी तर खोलीत आणखी कोणी आहे का असे मागेही बघितले.

"काऊन?"

"अंडी मरतील. अन् भय्यालालनं मीठ टाकलं होतं. मीनं फेकलं."

"तू फेकलं? कायले?"

मग सगळे बाहेर आले. दोन महिन्यांचे. आटते ते पाणी, मीठ राहून जाते, काठावरचा पांढरा थर, माठ, मोरी, सगळे. एवढे सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, म्हणून श्वास न घेता बोलले.

मॅडमनी रजिस्टर उघडले. "खारे पाणी, दोन लोटे. ही सही कोणाची?"

"माझी."

"ही?"

"माझीच जी. सगळ्या माझ्याच."

"म्हणजे दोन महिने खोटं लिहून राहिली तू."

"हो जी."

मॅडमनी नळी टाकीत सोडली. ती बरोबर खुणेवर उभी राहिली. तीन दिवस साधे पाणी टाकूनही. मग त्यांनी चिमूटभर नाही, चांगले मापून मीठ घेतले, काचेच्या पात्रात खारे पाणी केले, नळीने बघितले, बर्नरवर ठेवले आणि अर्धे होईपर्यंत उकळू दिले. आम्ही तिघे ते आटताना बघत उभे होतो. कोणी बसले नाही. गार झाल्यावर नळी सोडली तर ती बुडायलाच तयार नाही.

मॅडमनी भय्यालालसाठी घेतलेला कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. मग आपल्या हाताने माठातले दोन लोटे पाणी टाकीत घातले.

"सरांले तू सांगशील," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार. मले हसू येईल."

भय्यालालने मला दारात गाठले. मला वाटले भांडेल. तो म्हणाला, "बाई, तुम्ही बोलता भी?" आणि तीन दिवस ज्याला त्याला हेच सांगत फिरला.

सर गेल्यापासून नवव्या दिवशी अंडी फुटली. त्याआधी प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागले होते, ते बाहेरून मोजता येत. सकाळी दार उघडले तर खिडकीकडच्या कोपऱ्यात पाणी हलल्यासारखे दिसले. जवळ गेले तर नुसते डोळे. अंग काचेसारखे, ते दिसतच नाही. पिल्ले उजेडाकडे धावतात. दरोगा शिंपल्यातून बाहेर आला, आधाशासारखा खाऊ लागला आणि एका पिल्लाकडे त्याने वळून पाहिले नाही.

सर त्याच दुपारी आले. बॅग खाली ठेवायच्या आधी टाकीपाशी गेले, खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मी तेवढ्यातच सांगून टाकले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे सोपे गेले.

सर वळले. रजिस्टर मागितले. एकेक पान उलटू लागले. सर गावी जाईपर्यंतच्या प्रत्येक दिवसाखाली माझी सही होती आणि तिच्या शेजारी लाल पेनाने 'तपासले', आणि त्यांची सही.

"दोन महिने तुम्ही रोज खोटं लिहिलंत," सर म्हणाले, "आणि मी रोज ते तपासलं."

मी टेबल पुसले.

पिल्ले चौथ्या दिवसापर्यंत राहिली. समुद्रात ती कितीतरी आठवडे लाटांबरोबर वाहत जातात आणि डोळ्यांना न दिसणारे काहीबाही खातात, मग कुठेतरी खडक सापडला की खाली बसतात. ते न दिसणारे खाणे आमच्याकडे नव्हते. सरांनी अंड्याचा बलक कपड्यातून गाळून टाकून बघितला, त्याने नुसते पाणी गढूळ झाले. कोपरा रोज थोडा रिकामा होत गेला. आम्ही मीठ आणि पाणी केले होते, समुद्र केला नव्हता. लवकर बोलले असते तर सरांनी गावी जाण्याआधी त्या खाण्याची काही सोय केली असती का, हे मी अजून स्वतःला विचारते. उत्तर बहुतेक नाही असेच आहे, तरी विचारते.

या सगळ्या धावपळीत भिंतीवरचा कागद बदलायचा राहून गेला, आणि परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक आले, धिप्पाड, घामाघूम, कूलरच्या अगदी समोर बसलेले. शेजारी परब सर. मी पाण्याचे पेले घेऊन उभी. केशोरीची एक हुशार मुलगी तोंडी परीक्षेला पुढे आली. परीक्षकांनी टाकीकडे बोट केले.

"पाणी आटलं तर काय कराल?"

"ड्रममधील खारे पाणी रेषेपर्यंत भरावे," मुलीने वहीतले धडाधड म्हणून दाखवले.

"शाब्बास," परीक्षक म्हणाले, आणि मार्क लिहायला पेन टेकवले.

मी सरांकडे बघितले. सर माझ्याकडे बघत होते. ती वही त्यांनीच तपासलेली होती.

"चूक आहे," सर म्हणाले. "तिची नाही, माझी. कागद मी लिहिला होता."

परीक्षकांना काही कळेना. "समुद्राचा मासा, मग खारंच पाणी ना? यात चूक काय?"

सर तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले.

"साहेब, चुलीवर वरण आटून घट्ट झालं, तर तुमी त्यात मीठ टाकता का पानी?"

परीक्षकांनी विचार केला. खरोखर केला. पेन खाली ठेवले, कपाळ पुसले.

"ते घरी विचारावं लागेल," ते म्हणाले.